उजेडाच्या रात्री

केस धुऊन झाले होते, खांद्यांवर टॉवेल आला होता, आणि कात्री हातात घेतल्यावर एदित म्हणाली की आज कापण्यात काही अर्थ नाही. यास्नाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. ला सेरेनाच्या बाजारामागच्या गल्लीतलं हे दोन खुर्च्यांचं दुकान. लग्न झाल्यापासून यास्ना इथेच केस कापायला येत होती, आणि एदित कापता कापता काय वाटेल ते बोलते हे तिला माहीत होतं. भिंतीवर खाटकाने फुकट वाटलेलं कॅलेंडर होतं, प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात चंद्राची बारीकशी चकती. एदितने कात्रीच्या टोकाने त्यातली एक दाखवली. ‘चंद्र उतरतीला लागलाय. वाढत्या चंद्रात कापले की केस भराभर येतात, उतरत्यात कापले की आहेत तिथेच बसून राहतात. तुमचे बघा कसे बसलेत.’

‘मला कुठे वाढवायचेत?’ यास्ना म्हणाली.

‘तसं नाही हो. कधीपासून म्हणतेय, एकदा बोलून टाकावं. तुम्ही येता त्या उतरत्या चंद्रातच येता. पुनव झाली, डोंगरावरून खाली आलात, की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. इतक्या वर्षांत तुमच्या केसांनी दुसरा चंद्र बघितलेलाच नाही. त्यांना वाटत असेल, जगात एवढाच असतो.’

शेजारच्या खुर्चीतली बाई हसली. यास्नाही हसली, आणि हसता हसताच थबकली, अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाऊल टाकावं आणि खाली फरशी लागावी तशी. तिला वाटलं, त्या ताऱ्यानेही नाही. डोंगरावरच्या दुर्बिणीतून आपण त्या ताऱ्याला चंद्राशिवाय कधी बघितलेलंच नाही. एदित विचारत होती, थांबताय का मग पंधरा दिवस. यास्ना म्हणाली, ‘कापा,’ आणि डोळे मिटून घेतले. कात्रीचा आवाज कानाजवळून जात राहिला.

बाहेर पडली तेव्हा समुद्रावरचं धुकं गल्लीत शिरलं होतं. पपईच्या मुरंब्याच्या बरण्या मांडून बसलेल्या बायकांनी शाली डोक्यावरून घेतल्या होत्या. ओली मान गार पडली होती आणि ती भरभर चालत होती, कुठे ते ठरवलेलं नव्हतं. हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही, ती स्वतःशी वाद घालत होती. सगळ्यांनाच माहीत असतं. डोंगरावरच्या दुर्बिणीच्या रात्री वाटून दिल्या जातात. अमावास्येच्या बाजूच्या काळ्याकुट्ट रात्री, फार दूरचं, फार पुसट असं काही बघणाऱ्यांना. चांदण्याच्या रात्री ग्रह शोधणाऱ्यांना, कारण त्यांचे तारे बऱ्यापैकी ठळक असतात आणि थोड्याशा चांदण्याने त्यांचं काही बिघडत नाही असं सगळे धरून चालतात. कचेरीत त्यांना उजेडाच्या रात्री म्हणत. नव्याने आलेल्याला वाटायचं, आपल्या वाट्याला काहीतरी चांगलं आलं. तिचा नवरा रामिरो म्हणायचा, ‘पंगत थोरामोठ्यांची उठली की आपण बसायचं. पण जेवण तेच असतं, यास्ना, जेवण तेच असतं.’ त्याचं हसणं आठवलं तशी ती एका बंद दुकानाच्या दारात उभी राहिली. रामिरोला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याचा एकच ग्रह होता. म्हणजे दोघांचा होता, पण यास्नाच्या नावावर नंतर आणखीही जमा झाले. रामिरोचा तो एकच.

तो ग्रह कोणी पाहिला नव्हता. तसे फारसे कोणी पाहिलेलेच नाहीत. ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल तर तारा स्वतः किंचित डुलतो आणि त्याचा उजेड इकडून तिकडे केसाएवढा सरकतो. तेवढं सरकणं मोजायचं आणि म्हणायचं, आहे. पहिल्या वर्षीच्या मुलांना यास्ना सांगायची की कडेवर मूल घेतलेली बाई जशी एका अंगाला थोडी कलते, तसं. अंधारात मूल दिसत नाही, बाई कललेली तेवढी दिसते. हे वाक्य मुळात रामिरोचं. त्यांचा तारा विंचवाच्या काळजाशी होता, तांबड्या ज्येष्ठेच्या अगदी शेजारी, पण साध्या डोळ्यांना न दिसणारा. त्यांनी हाती घेतलेल्यांतला सगळ्यांत मंद. चंद्र दर महिन्याला त्या वाटेने जातो. आणि चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच, परतून आलेला. तो मंद ताऱ्याच्या उजेडात जरासा जरी मिसळला तरी ताऱ्याची रेघ सरकल्यासारखी दिसणार. हेही माहीत होतं. त्यांनी ताडून पाहिलं होतं. चांद्रमासाची लय सापडते का ते रामिरोने स्वतः तपासलं होतं आणि सापडली नव्हती. ग्रहाचं वर्ष बत्तीस दिवसांचं आलं होतं, चंद्राचा महिना तेवढा नसतो. तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता आणि विषय मिटला होता. आता त्या बंद दुकानाच्या दारात उभं राहून यास्नाने मनातल्या मनात एक साधा हिशेब मांडला. चंद्राचा महिना आणि सूर्याचं वर्ष यांचा मेळ कधी बसत नाही, म्हणून तर पंचांगवाल्यांना अधूनमधून अधिक महिना घालावा लागतो. तारा वर्षातून काहीच महिने दिसतो आणि त्या महिन्यांत तिला फक्त चांदण्यातच बघायला मिळतं. एकात एक दोन्ही लयी गुंतल्या तर किती येतील? तिने पुन्हा करून पाहिलं. बत्तीस आले.

ग्रह सापडला त्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या स्वयंपाकघरातून रामिरोने आईला फोन लावला होता, ते यास्नाला पावाच्या वासासकट आठवतं. रात्रभर जागून दोघांचे डोळे लाल झाले होते. मूल होण्यासाठी सांतियागोच्या डॉक्टरांकडे घातलेल्या खेपा नुकत्याच थांबल्या होत्या. थांबवू या असं कोणी कोणाला म्हणालं नव्हतं, पुढची तारीख घेतली गेली नाही एवढंच. फोन लागला आणि रामिरो एकदम म्हणाला, ‘आई, तुला नात झाली.’ यास्नाच्या हातातला कप तसाच राहिला. पलीकडून एर्मिनियाबाईंचा आवाज मोठ्याने आला, त्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलत. ‘कोणावर गेलीय?’

‘अजून कोणी बघितली नाही. पण आहे.’

‘बघितल्याशिवाय कसं सांगतोस, मेल्या?’

‘तिची आई कललीय ना, आई.’

दुपारी त्यांना गंमत समजली, पण नात हा शब्द त्यांनी सोडला नाही. विकुन्यात, वर खोऱ्यात, जिथे त्यांचं घर होतं, तिथे तो आठवड्याभरात सगळ्यांना ठाऊक झाला. भाजीवाली विचारायची, नात काय म्हणते. समोरचे फ्लोरिदोरकाका, द्राक्षाच्या मळ्यात जन्म गेलेला माणूस, रोज संध्याकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबून तेच विचारायचे, आणि बाई कधी म्हणायच्या ‘दात येताहेत,’ कधी म्हणायच्या ‘शाळेत नाव घालायचंय.’ पहिल्यांदा यास्नाला ते बोचलं. मग एकदा रात्रीच्या जेवणाआधी अंगणात उभ्या राहून बाई ज्येष्ठेकडे बघून हात हलवताना दिसल्या. रामिरो म्हणाला, ‘आई, ते शेजाऱ्यांचं घर. आपली त्याच्या बाजूला, दिसत नाही.’ बाई म्हणाल्या, ‘शेजारी निरोप देतील.’ त्या दिवसानंतर बोचणं बंद झालं. रामिरोला पुरून आल्यावर घर पाहुण्यांनी भरलं होतं तेव्हा बाईंनी यास्नाचा हात धरून सांगितलं होतं, ‘नात तरी मागे ठेवून गेला.’ यास्नाला तेव्हा रडू आलं नव्हतं. शेकडो माणसांनी हात हातात घेतला, तेच ते शब्द बोलले, आणि ती मान हलवत राहिली. रडू नंतरही आलं नाही. येईल येईल म्हणून तिने पुष्कळ वाट पाहिली, मग ते सोडून दिलं.

कचेरीत तिने दार लावून घेतलं आणि जुनी मोजमापं उघडली. रामिरो गेल्यापासून त्यांना हात लावला नव्हता. ज्या रात्री चंद्र ताऱ्याच्या फार जवळ होता त्या तिने बाजूला काढल्या, आणि डुलणं निम्म्यावर आलं. आणखी काही काढल्या. तारा शांत उभा राहिला. मूल नसलेली बाई जशी सरळ उभी असते तसा. ती बराच वेळ त्या सरळ रेघेकडे बघत बसली. मग कामिलोला हाक मारली. कामिलो तिचा सहकारी, तिच्याहून बराच तरुण. माणूस सरळ, पण आनंद आणि दुःख दोन्ही टक्केवारीत मोजणारा. त्याने सगळं पाहिलं, पुन्हा स्वतः करून पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसला.

‘चंद्रच आहे,’ तो म्हणाला. ‘सॉरी, यास्ना. पण एक सांगू? तुम्ही दोघांनी हा काढलात तेव्हा एकेक ग्रह म्हणजे बातमी होती. आता हजारांनी झालेत. न दिसणारे धरून आपलं गणित सांगतं की एका ताऱ्यामागे एक तरी आहेच, जास्तच आहेत. ह्यातला एक वजा झाला तर गणिताला कळतसुद्धा नाही.’

‘माहितेय. ते गणित मीच शिकवते.’

‘म्हणून म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस. दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायच्या आत आपणच छोटं टिपण देऊन टाकू. तुझं नि माझं.’

‘माझं नि रामिरोचं,’ यास्ना म्हणाली.

कामिलोने तिच्याकडे पाहिलं. ‘गेलेल्या माणसाचं नाव? चुकीच्या कबुलीवर?’

‘चांगल्या बातमीवर पहिलं नाव त्याचंच होतं. आज असता तर त्याने माझ्याआधी शोधलं असतं आणि हसत सुटला असता. मोठी दुर्बीण घेऊन चंद्र शोधला म्हणाला असता.’ तिचा आवाज ठीक होता. कामिलो जायला निघाला तेव्हा ती म्हणाली, ‘पुढच्या पुनवेच्या रात्री तू घे. मला विकुन्याला जायचंय. आधी तिथे सांगितल्याशिवाय मी काही पाठवणार नाही.’

तो महिना तिने कसा काढला ते तिला नीट सांगता आलं नसतं. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण शिकवताना मध्येच ती थांबायची. ती विद्यार्थिनी होती तेव्हा तिचे सर सांगत, आपल्या सूर्याला ग्रह आहेत, इतरांना असतील की नाही कोणास ठाऊक. कदाचित आपण अपवाद असू. त्या काळी वर बघितलं की एकटं वाटायचं, आणि त्या एकटेपणाचा थोडा अभिमानही असायचा. मग एक सापडला, मग दहा, मग धरणाचं दार उघडावं तसे. गावोगावच्या चौकांत व्याख्यानं देताना ती हात वर करून सांगायची, दिसतो त्या प्रत्येक दिव्यापाशी कोणी ना कोणी आहे, रिकामं घर म्हणून जवळपास नाहीच. लोक टाळ्या वाजवायचे, म्हातारी माणसं डोळे पुसायची. तिला स्वतःलाही ते बोलताना बरं वाटायचं. आता रात्री गॅलरीत उभी राहिली की तेच आकाश भरगच्च दिसायचं, आणि त्या गर्दीचा तिला राग यायचा. लग्नाच्या मांडवात आपलं माणूस शोधावं, आणि जो तो म्हणावा, अहो बसा ना, माणसं काय कमी आहेत, तसा. तिला एर्मिनियाबाईंचं भय वाटत होतं, त्या महिन्यातले रविवार तिने कामाची सबब सांगून चुकवले. आई-वडील कधीच गेलेले, भाऊबहीण नाही. दर रविवारी जेवायला जायचं असं जगात एकच घर उरलं होतं, आणि त्या घराशी तिला बांधून ठेवणारी जी नात होती तीच ती घेऊन जाणार होती. नुसतं गप्प बसता आलं असतं. ग्रह कुठे पळून जात नव्हता. पण उद्या परक्या देशातल्या कोणीतरी हे शोधलं असतं आणि चार ओळींत रामिरोला खोटं पाडलं असतं, आणि ते बाईंना वर्तमानपत्रातून कळलं असतं. ते तिला चालणार नव्हतं.

जून महिना, दक्षिणेकडच्या त्या देशात हिवाळा तोंडावर आलेला. शेअर टॅक्सी खोऱ्यातून वर चढत होती तसं धुकं मागे पडलं आणि एकदम कोरडं, निळं आकाश आलं. मळ्यांतल्या वेली पानं झडून काटक्या झाल्या होत्या. फाटक उघडून ती आत गेली तेव्हा एर्मिनियाबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. ऊन अजून डोंगराच्या माथ्यावर होतं, कपडे पुरते वाळले नव्हते, पण पुनवेच्या दिवशी त्या चंद्र उगवायच्या आत दोरी मोकळी करायच्या. रामिरो लहान होता तेव्हापासूनचा शिरस्ता. खोऱ्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे, बाळाचं दुपटं चांदण्यात राहिलं की बाळाला चंद्र बाधतो. हिरवं होतं, दूध ओकतं, डोळे फिरवतं. रामिरो डोंगरावर कामाला लागला आणि नेमकं चांदण्यातच काम असतं हे कळलं तेव्हा बाईंनी जाड लोकरीची टोपी विणून दिली होती, डोकं उघडं ठेवू नकोस म्हणून. तो शहाण्यासारखी घालायचा. त्याच्या सामानातून यास्नाने ती परत आणून दिली होती, आणि बाई अजूनही ती अधूनमधून धुऊन वाळत घालत. आताही ती दोरीच्या टोकाला होती.

‘येतेय असा फोन आला तेव्हाच म्हटलं, उजेडाच्या रात्री सोडून कशी येतेस?’ बाई म्हणाल्या. त्यांना तो शब्द रामिरोने शिकवला होता. ‘बरं नाही का? केस फार बारीक केलेत तुझे त्या बाईने.’

‘आई, जरा बसता का? बोलायचंय.’

‘कपडे काढून होऊ देत. हातात काम असलं की ऐकू चांगलं येतं. लग्न करतेयस का?’

‘नाही हो.’

‘केलंस तरी चालेल. मी काही बोलणार नाही.’ त्यांनी चादरीचं एक टोक यास्नाच्या हातात दिलं. दोघी घडी घालायला लागल्या, लांब गेल्या, जवळ आल्या. जवळ आल्यावर यास्नाने सांगितलं. वाटेत टॅक्सीत तिने सोपे शब्द ठरवले होते, ते सगळे विसरले. ती म्हणाली, ‘आपल्याला जी दिसली होती ती नाहीये. आमची चूक झाली. चंद्राचा उजेड मधे आला आणि आम्हाला वाटलं, तारा डुलतोय. तारा डुलत नाही, आई. तिथे ती नाही.’

बाईंनी चादर हातातून सोडली नाही. ‘कोण नाही?’

‘नात.’

‘म्हणजे हरवली?’

‘कधी नव्हतीच.’

बाई उरलेली घडी घालायला लागल्या, एकट्याच, चादर छातीशी धरून. घडी वाकडी झाली, त्यांनी ती उलगडून पुन्हा घातली. यास्नाला ते बघवेना, म्हणून ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता नको तिथे पोचली. ‘पण तिथे दुसरे असतील. जवळजवळ सगळ्यांनाच असतात, आता कळलंय ना ते. आकाश भरलेलं आहे, आई. ह्या ताऱ्यालाही असेलच एखादा, लहानसा, आपल्या यंत्राला न कळणारा. नसण्यापेक्षा असण्याचाच संभव—’

‘गावात पोरं किती आहेत?’ एर्मिनियाबाईंनी विचारलं.

‘काय?’

‘पोरं. शाळा सुटते तेव्हा रस्त्यात चालायला जागा नसते. रामिरोला मातीत घातलं तेव्हा मला कोणी म्हणालं नाही, की गाव पोरांनी भरलंय, रडता कशाला. एवढी अक्कल होती लोकांना.’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘तू शिकलेली, तू म्हणालीस.’

यास्नाने मान खाली घातली. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या खाली एक विचित्र सुटका वाटली, कारण महिनाभर गॅलरीत उभं राहून तिला जे कोणाला सांगता आलं नव्हतं तेच बाई बोलल्या होत्या. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, ‘कोणाकोणाला सांगितलंस?’

‘कामिलोला. अजून लिहिलं नाही. लिहावं लागेल.’

‘माझे किती दिवस राहिलेत. मी गेल्यावर लिही.’

‘तोवर दुसऱ्या कोणी शोधलं तर? मग लोक म्हणतील, रामिरोला कळलं नाही. मी लिहिलं तर त्याचंही नाव घालणार आहे, पहिलं. म्हणजे त्यानेच सांगितल्यासारखं होईल.’

‘मेलेल्या माणसाला कसलं सांगायला लावतेस?’

‘लहानपणी त्याने चूक केली की कोण सांगायचं तुम्हाला, आई? दुसऱ्याने येऊन सांगितलेलं आवडायचं का त्याला?’

शेगडीसाठी आणलेला कोळसा फाटकाशी पडला होता, त्याच्याकडे बाई बघत राहिल्या. माथ्यावरचं ऊन गेलं. गार वारा सुटला, वरच्या आळीतल्या कोणाकडे तरी कुत्रं भुंकलं. यास्नाला वाटलं, आता त्या म्हणतील, जा तू. शेवटची टॅक्सी कधी असते ते ती आठवायला लागली. आत पावाचा वास येत होता, टेबलावर दोन माणसांचं संध्याकाळचं खाणं मांडलेलं दिसत होतं, बकरीचं चीज, पपईच्या फोडी. आणि ते दोघींचं टेबल ह्यापुढे कसं मांडलं जाईल, मांडलं जाईल का, हा एवढाच विचार तिच्या डोक्यात राहिला. पूर्वेच्या डोंगराची कड उजळली होती. ज्येष्ठातली पौर्णिमा, ज्येष्ठेच्या पाठोपाठच वर यायची. तांबडी चांदणी आधीच कडेवर आली होती, पुसटशी. मग तिच्या खालून चंद्र निघाला, थोडा पिवळट, इतका मोठा की डोंगरावरची निवडुंगं त्याच्यावर काळी दिसत होती. बघता बघता ज्येष्ठा फिकी झाली.

‘हाच का?’ बाई म्हणाल्या.

‘हाच.’

‘केवढा जवळ आलाय तिच्या.’

‘दर महिन्याला येतो.’

‘आणि ह्याच्याच दिवसांत बसवायचे तुम्हाला तिथे. तरी मी टोपी दिली होती.’ त्या दोरीच्या टोकाशी गेल्या, टोपी काढली आणि बाकीच्या कपड्यांवर ठेवली. तेवढ्यात फाटकाशी काठी वाजली. फ्लोरिदोरकाका होते, नेहमीसारखे फिरायला निघालेले, डोक्यावर रुंद काठाची टोपी, गळ्यात मफलर.

‘सूनबाई आल्यात वाटतं,’ ते म्हणाले. ‘आणि नात काय म्हणते, एर्मिनिया? लग्नाला आली असेल आता.’

यास्नाला वाटलं, आपणच पुढे होऊन काहीतरी बोलावं. पण एर्मिनियाबाई कपड्यांचा भारा हातावर घेऊन फाटकापर्यंत गेल्या आणि सरळ उभ्या राहिल्या.

‘गेली,’ त्या म्हणाल्या.

काकांनी टोपी काढली. त्यांचं टक्कल चांदण्यात चमकलं. नात म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, रामिरोने स्वतः त्यांना चौकात उभं करून आकाशात बोट दाखवलं होतं. पण त्यांनी टोपी काढली आणि छातीशी धरली. ‘कधी?’

‘आजच कळलं. ही सांगायला आली, एवढ्या लांबून.’

‘कशाने हो?’

बाईंनी हनुवटीने डोंगराकडे दाखवलं. ‘चंद्र बाधला.’

काका त्या दिशेला बघत राहिले आणि मग त्यांनी हळूहळू मान हलवली. ते खोऱ्यातलेच होते, त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. ‘माझ्या धाकट्या भावाचं तसंच झालं होतं,’ ते म्हणाले. ‘आईने दुपटं काढायचं राहून गेलं. जन्मभर म्हणत होती, माझंच चुकलं. तिचं काय चुकलं? चंद्र काय कोणाला विचारून येतो?’ काठी फाटकाला टेकवून ते आत आले, यास्नासमोर उभे राहिले आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात खरबरीत आणि गरम होते. ‘तुमच्या दुःखात आम्ही आहोत, पोरी,’ ते म्हणाले. अशा वेळी जे म्हणतात तेच.

कोणी गेलेलं नाही, असं सांगायला हवं होतं. जे नव्हतंच ते जात नाही. कामिलोपुढे, पहिल्या वर्षीच्या मुलांपुढे तिने हे सहज सिद्ध करून दाखवलं असतं. यास्नाने सांगायला तोंड उघडलं. गळ्यातून एक आवाज आला, तो आपला आहे हे तिला लगेच कळलं नाही. मग ती रडायला लागली, काकांचा हात न सोडता, उभ्या उभ्या, लहान मूल रडतं तसं नाकातोंडातून. रामिरोसाठी रडत होती की त्या दुसरीसाठी, ते तिला वेगळं करता येईना. काका हात तसाच धरून उभे होते. त्यांना घाई नव्हती.

एर्मिनियाबाईंनी भारा एका हातावर घेतला, कपड्यांवरची लोकरीची टोपी काढली आणि यास्नाच्या डोक्यावर घालून दोन्ही कानांवरून नीट खाली ओढली.

‘आत चल,’ त्या म्हणाल्या. ‘चांदणं पडलंय.’